विमान थांबते कसे?

मुलांनो, वर्धा जिल्ह्यातील काळ्या मातीच्या उतारावर पावसाळ्यात गाडीवानाने कासरा ओढला, तरी बैलगाडी पुढेच घसरते. शेजारी नागपूरच्या विमानतळावर ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या जेट विमानापुढेही हीच अडचण असते. धावपट्टी ओली असली, म्हणजे चाकांचे ब्रेक पुरेसे लागत नाहीत. १ जुलै २०१९ रोजी मुंबईत भर पावसात उतरलेले एक विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

म्हणून ब्रेकच्या मदतीला इंजिनही घेतात. एरव्ही इंजिन हवा मागे फेकते आणि विमान पुढे जाते. चाके जमिनीला टेकताच वैमानिक एक दांडा ओढतो. पुष्कळ विमानांत इंजिनाच्या वेष्टनाचा मागील भाग तेव्हा सरकतो, आतील झडपा हवेची वाट अडवितात आणि ती बाजूच्या जाळीतून तिरपी पुढे फेकली जाते. पंखा मात्र उलटा फिरत नाही. हवा पुढे, म्हणून रेटा मागे! न्यूटनने सांगितलेला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तो हाच. या रेट्याला जमिनीची पकड लागत नाही. म्हणूनच निसरड्या धावपट्टीवर त्याचे मोल फार मोठे आहे.

स्वाध्याय : फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडल्यास कोणत्या दिशेस जातो? का?