कोंबडीचे वेडेवाकडे अंडे काय सांगते?

परसात पाळलेल्या पाच-दहा कोंबड्या ही ग्रामीण गृहिणीची हक्काची पुंजी होय. अंडी विकून येणाऱ्या पैशांतून मीठ-मिरचीची नड भागते, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. मात्र खुराड्यात एखादे दिवशी सुपारीएवढे बारीक किंवा कवचच नसलेले लिबलिबीत अंडे आढळले, की घरात शंकाकुशंकांना ऊत येतो. क्वचित अपशकुन समजून कोंबडी कापलीही जाते. असे समज जगात इतरत्रही होते. आजच्या स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात १४७४ साली अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर चक्क खटला भरण्यात आला आणि त्यास जाळण्यात आले!

वस्तुतः असे अंडे म्हणजे कोंबडीच्या प्रकृतीची खबर असते. ही खबर बहुधा निरुपद्रवी असते. परंतु कधी कधी ती साऱ्या गावाला सावध करणारी ठरते. हा भेद ओळखता आला पाहिजे.

अंडे कसे तयार होते?

अंडाशयातून सुटलेला बलक अंडनलिकेत उतरतो. तेथे सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढरा भाग जमतो, त्यानंतर सव्वा तासात पातळ पापुद्रे चढतात आणि शेवटी कवच तयार होण्यास सुमारे २० तास लागतात. एकंदर प्रवास २४ ते २६ तासांचा असतो. कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीत असणाऱ्या द्रव्याचाच असतो. एका कवचासाठी कोंबडीस सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम खर्ची घालावे लागते. शाळेत अंडे दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यास कवच विरघळून केवळ पापुद्र्यातील अंडे उरते. शिक्षकांना हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल.

काळजीचे कारण नसलेली अंडी

नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगेच्या अंडाशयातून कधी कधी दोन बलक पाठोपाठ सुटतात व एकाच कवचात बंदिस्त होतात. याउलट, बलकाऐवजी मांसाचा एखादा कण अंडनलिकेत उतरला, तर त्याभोवतीच पांढरा भाग व कवच चढून बलकाविना चिमुकले अंडे तयार होते. तयार अंडे अंडनलिकेत मागे ढकलले गेल्यास अंड्यात अंडे सापडते. बलकावरील रक्ताचा ठिपका ही बारीक रक्तवाहिनी फुटल्याची खूण असते. कोंबडी निरोगी असेल तर अशी ताजी, अखंड कवचाची अंडी शिजवून खाण्यास हरकत नाही. मात्र ती खुडूक कोंबडीखाली उबवण्यास ठेवू नयेत.

इशारा देणारी अंडी

पातळ कवचाची किंवा बिनकवचाची अंडी वारंवार मिळू लागल्यास प्रथम खाद्याकडे पाहावे. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडल्यास कवच दुबळे होते. कडक उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या शरीरातून कार्बन डायऑक्साइड अधिक प्रमाणात बाहेर पडतो, तिचा चाराही कमी होतो. त्यामुळेही कवच पातळ होते. शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवावी. अंड्यांची टरफले द्यावयाची झाल्यास ती भाजून बारीक कुटून द्यावीत. अखंड टरफलांमुळे कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची खोड लागू शकते. सावली व थंड पाणी यांची सोय करावी. बिनकवचाची अंडी खाऊ नयेत.

परंतु अनेक कोंबड्या एकाच सुमारास मऊ किंवा वेडीवाकडी अंडी घालू लागल्या, अंडी एकाएकी घटली, त्यासोबत हिरवट हगवण, धाप, मान वाकडी होणे किंवा मरतुक दिसू लागली, तर शिंपल्यांवर विसंबून राहू नये. ही मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची किंवा बर्ड फ्लूची चिन्हे असू शकतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातील काही गावांत परसातील कोंबड्यांनाही त्याने गाठले. रोगाच्या फैलावास आळा घालण्यासाठी त्या वेळी लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले.

पंचायतीची जबाबदारी

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी केलेल्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाचा संशय येताच मालकाने ग्रामपंचायतीस कळवावयाचे असते. पंचायतीने ती माहिती जवळच्या पशुवैद्यकास लेखी पोहोचवावी. आजारी पक्षी घाईने बाजारात विकणे म्हणजे रोग शेजारच्या गावी धाडणे होय. मेलेले पक्षी उघड्या हातांनी हाताळू नयेत अथवा ओढ्यात फेकू नयेत. राणीखेतविरुद्धची लस स्वस्त असून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने ती वेळेवर टोचून घेता येते.

खुराड्यातील वेगळे अंडे प्रथम पाहते ती घरातील स्त्री. तिचे सांगणे हसण्यावारी न नेता ते दवाखान्यापर्यंत त्वरेने पोहोचेल, एवढी व्यवस्था प्रत्येक पंचायतीने केली, तर एका घराची पुंजी तर वाचेलच, शिवाय गावातील इतर खुराडीही सुरक्षित राहतील.