अंगावर काढू नकोस

चि. ईशास,


काल फोनवर म्हणालीस, "मावशी, होस्टेलवर सगळ्यांचंच काही ना काही दुखतं." खरं आहे. तुमच्या वयात तोंडाचं नि चेहऱ्याचं दुखणं सर्रास दिसतं. अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयातच येतात. जागा पुरली नाही की अर्धवट वर आलेल्या दाढेवरच्या हिरडीखाली अन्न अडकतं, सूज येते. परीक्षेत अनेकांना तोंड येतं. जबड्याच्या सांध्याचं दुखणंही २० ते ४० या वयात अधिक, त्यातही बायकांना जास्त. पण सगळ्यांना होतं म्हणून अंगावर काढायचं, हे मला बिलकूल मान्य नाही.

सकाळी गाल जड, कानापुढे दुखतं, कानशिलं ठणकतात, असं तू सांगतेस. तपासल्याशिवाय ठाम सांगत नाही, पण हे दाढेपेक्षा चावण्याच्या स्नायूंचं वाटतं. झोपेत दात खात असशील, किंवा दिवसा लॅपटॉपपुढे ते आवळून बसत असशील. एरवी वरचे-खालचे दात टेकायलाच नकोत. ओठ मिटलेले आणि दातांत थोडी फट असली, की जबड्याला विश्रांती मिळते. वाचता वाचता मधेच थांबून बघ. आवळलेले आढळले तर सैल सोड. हे दिवसातून कितीही वेळा कर. काही दिवस मऊ जेव, गालांना शेक दे, च्युइंगगम नि नखं खाणं बंद. जबड्याचा नुसता 'कट्' आवाज येत असेल, दुखत नसेल, तर घाबरू नकोस.

मैत्रिणीकडून घेतेस त्या गोळ्या मात्र थांबव. वेदनाशामक महिन्यातले निम्मे दिवस घेत राहिलं तर त्यानंच डोकं दुखायला लागतं. स्नायूंच्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

तुझ्या वर्गातल्या त्या सुपारी खाणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी त्याच्या तोंडात असतेच. त्याला तिखट खाल्लं की आग होते आणि तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत, म्हणजे आतली कातडी आखडत चालली आहे. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. त्याला सोबत घे नि मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात सकाळीच केसपेपर काढा.

तुझा गाल सुजला, ताप आला, गिळायला जड जाऊ लागलं, तर सकाळची वाट बघू नकोस. रात्रीच इस्पितळात जा आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
मावशी