माझ्या नावाच्या ताराबाई



माझे नाव तारा. हे नाव मला आजीचे ठेवले आहे. आजीला सगळे गाव ताराबाई म्हणते. त्यामुळे वर्गातली काही मुले मला "ओ ताराबाई, काठी कुठाय तुमची?" असे चिडवतात. एकदा मी घरी हट्टच धरला, की माझे नाव बदला. आजी काहीच बोलली नाही. त्या रात्री तिने अर्धीच भाकरी खाल्ली. मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितले. बाई म्हणाल्या, "आधी नावाचा अभ्यास कर, मग बदल." म्हणून हा लेख.

१. महाराणी ताराबाई (१६७५–१७६१)

कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या सेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या व छत्रपती राजाराम महाराजांच्या राणी. इ.स. १७०० मध्ये महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा त्या फक्त पंचवीस वर्षांच्या होत्या. औरंगजेब बादशहा मोठी फौज घेऊन महाराष्ट्रात ठाण मांडून बसला होता. ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवले आणि कारभार स्वतः पाहिला. बादशहा इकडे एक किल्ला घ्यायचा, तोवर मराठे तिकडे त्याच्या मुलखात शिरायचे. गेलेले किल्लेही परत घ्यायचे. अशी सात वर्षे गेली. १७०७ साली बादशहा अहमदनगरजवळ मेला, पण मराठ्यांचे राज्य काही बुडाले नाही. पुढे १७१० मध्ये ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी स्थापन केली. तीच कोल्हापूरची गादी. मात्र १७१४ मध्ये त्यांना त्याच पन्हाळ्यावर कैदेत राहावे लागले. हे मला ठाऊक नव्हते. पुतळा बघून ते कळत नाही.

२. ताराबाई शिंदे

या बुलढाण्याच्या. यांच्या हातात तलवार नव्हती, लेखणी होती. १८८१ साली सुरतेला एका विधवेवर खटला झाला. त्यावरून वर्तमानपत्रे सगळ्याच बायकांना नावे ठेवू लागली. ताराबाईंना राग आला. त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. ते १८८२ मध्ये पुण्यात छापले. बायको मेली तर पुरुष पुन्हा लग्न करतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच का कोंडून घ्यायचे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. लोकांनी टीका केली, पण महात्मा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. नंतर हे पुस्तक लोक विसरून गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले.

३. ताराबाई मोडक (१८९२–१९७३)

माझा धाकटा भाऊ रोज अंगणवाडीत जातो. शाळा आणि अंगण यांचा काय संबंध? ताराबाई मोडक व अनुताई वाघ ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला काम करत. (तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.) आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांच्या अंगणातच शाळा भरवली. ती अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला जात, तर तिथे कुरणातच शाळा. ती कुरणशाळा! शंख-शिंपले, बिया, पाने हीच खेळणी. १९६२ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

४. डॉ. तारा भवाळकर

या आपल्या शेजारच्या सांगलीच्या. जन्म १९३९. २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या ९८ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांनी लोककथा, जात्यावरच्या ओव्या अशा लोकसाहित्याचा अभ्यास केला. न शिकलेल्या बायकांनाही पुष्कळ कळत होते, ते त्यांच्या ओव्यांतून दिसते, असे त्या सांगतात.

हा सगळा लेख मी आजीला वाचून दाखवला. आजीला वाचता येत नाही. राणीचे ऐकताना ती मान हलवत होती. शिंदेबाईंचे ऐकून म्हणाली, "लिवून ठेवलं म्हून घावलं बघ. आमचं कोण लिवतंय?" मग ओव्यांचे आले तशी हसली आणि म्हणाली, "व्हय गं, ओव्या तर मला बी येत्यात!" आणि लगेच म्हणायलाच लागली. मला इतक्या वर्षांत हे माहीतच नव्हते, कारण आता घरातले जाते कोपऱ्यात पडून असते.

आतापर्यंत आजीच्या अकरा ओव्या मी वहीत उतरवल्या आहेत. रोज जेवण झाल्यावर एक लिहिते. नाव बदलायचे मी सोडून दिले आहे.

मित्रांनो, तुमचे नाव कुणाचे आहे, हे आज घरी विचारा. आणि कळेल ते लिहून ठेवा.

– तारा, इयत्ता सातवी