संमिश्र लढाऊ पथके आणि आपल्या मुली

लढाऊ पथकांत स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने काम करावे काय, असा प्रश्न वर्गात निघाला असता एका विद्यार्थ्याने ‘ते त्यांना झेपणार नाही’ असे उत्तर दिले. दुसऱ्याने झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे नाव घेऊन त्यास गप्प केले. आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी होत. राणीसाहेब १८५८ साली रणांगणावर पडल्या, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु एका असामान्य स्त्रीच्या पराक्रमावरून सैन्याचा नियम ठरत नाही. तसेच ‘झेपणार नाही’ हे म्हणणेही परीक्षा घेतल्यावाचून सिद्ध होत नाही. म्हणून प्रत्यक्षात काय घडले ते पाहू.

प्रथम आपला मुलूख घेऊ. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात शेजारच्या जालना भागातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हाती शस्त्र घेऊन पुरुष सहकाऱ्यांबरोबर उतरल्या. संकटकाळी स्त्री शस्त्र धरू शकते, हे यावरून दिसतेच. पण शांततेच्या काळी तिला शिक्षण व हुद्दा देऊन पथकात घेणे ही निराळी गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने तसा प्रयोग केला. शत्रूच्या विमानांवर मारा करण्यासाठी १९४१ पासून तेथे स्त्रीपुरुषांची संमिश्र तोफपथके उभारण्यात आली. विमान किती उंचीवर आहे हे यंत्राने मोजणे आणि गोळा वर पोहोचेपर्यंत ते कोठे गेलेले असेल याचे गणित यंत्रावर मांडणे, ही कामे स्त्रिया करीत. गोळा भरणे व तोफ डागणे पुरुषांकडे असे. आकाशातून पडणारा बॉम्ब स्त्रीपुरुष पाहत नसे. तरीही तोफ डागण्यास स्त्रियांना मनाई होती. म्हणजे नेम तिचा, पण तोफेस तिचा हात लागता कामा नये! अशा पथकात प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या अचूकपणावर अवलंबून असतो. ज्या कामास जितके बळ वा कौशल्य लागते, त्याचे माप सर्वांस एकच असावे. त्यास न उतरणारा पुरुषही मागे राहावा आणि उतरणारी स्त्री पुढे जावी, हाच न्याय होय.

आपल्या देशातही हे दार हळूहळू उघडले आहे. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेस मुलींना बसू देण्याचा आदेश दिला. पुण्याजवळ खडकवासल्यास २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि मुलांबरोबर तीन वर्षांचे खडतर शिक्षण पुरे करून ३० मे २०२५ रोजी १७ मुली तेथून बाहेर पडल्या. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये चेन्नईच्या प्रबोधिनीतून ५ स्त्री-अधिकारी तोफखान्यात दाखल झाल्या होत्या. इंग्लंडमध्ये १९४१ साली जी तोफ डागण्यास स्त्रीला मनाई होती, तिच्या पथकाची आज्ञा देण्याचा अधिकार येथे तिच्याकडे आला. पायदळ व रणगाडादळ यांत मात्र २०२५ सालीही स्त्रियांची नेमणूक होत नव्हती.

आता पालकांस दोन शब्द. खडकवासल्याच्या लेखी परीक्षेत ९०० गुणांपैकी ३०० गुण एकट्या गणिताचे असतात. मुलांना या परीक्षेस तयार करणारी सरकारी संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरास आहे. मुलींसाठी तशी संस्था नाशिक येथे निघण्यास २०२३ साल उजाडावे लागले. परंतु सर्व उशीर सरकारच्याच पदरी घालणे योग्य नव्हे. ‘मुलीला गणित कशाला?’ हे वाक्य कोणत्याही न्यायालयात बोलले जात नाही. ते आपल्या ओसरीवर बोलले जाते. संध्याकाळी मुलगा मैदानावर धावत असतो, तेव्हा त्याची बहीण पाण्याच्या घागरी वाहत असते. आणि पुढे तिचा दम कमी पडला की तो स्त्रीजातीचा दोष ठरतो.

प्रत्येक मुलीने सैन्यात जावे, असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक मुलगाही जात नाही. मात्र झेपेल की नाही, हे पाहण्याची संधी तिला मिळावी. त्यासाठी आजपासून रोज एक तास गणितास आणि एक तास मैदानास द्यावा, व त्या दोन तासांत घागर भावाने उचलावी, इतकीच विनंती आहे.