रिकाम्या रांगेचा भरवसा

सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या पेशींची मोजदाद एकाच संगणकावर होत असे तोवर हिशेबातील तूट सहसा लपत नसे, कारण यंत्र मध्येच थांबले तर समोर बसलेल्या माणसाला ते दिसे. आता तेच काम शेकडो संगणकांत वाटून दिले जाते, आणि त्यांतला एखादा मूकपणे कोलमडला तर त्याची वर्दी कोणी देईलच असे नाही. आमच्या प्रयोगशाळेत या वाटणीतून उद्भवलेला एक प्रसंग नव्याने या कामास लागणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

‘सेल पेंटिंग’ या पद्धतीत सहा रंगद्रव्यांनी पेशीचे घटक रंगवून पाच प्रकाशवाहिन्यांत त्यांची चित्रे घेतात. 384 खळग्यांची प्लेट आणि प्रत्येक खळग्यात 9 दृश्यक्षेत्रे असा आमचा प्रघात. म्हणजे एका प्लेटची 17,280 चित्रे. एका दृश्यक्षेत्राची पाच चित्रे मिळून एक काम, अशी 3,456 कामे रांगेत दाखल करावयाची, भाड्याच्या संगणकांनी ती एकेक उचलून सेलप्रोफायलर या आज्ञावलीकरवी पेशींच्या सीमा आखावयाच्या आणि निकाल सामायिक भांडारात रुजू करावयाचा, अशी व्यवस्था होती.

रांग रिकामी झाली, तेव्हा काम तडीस गेले असे सर्वांनी गृहीत धरले. आणि काही खळग्यांतील पेशीसंख्या इतकी रोडावलेली दिसली, की त्यांत तपासणीसाठी घातलेली द्रव्ये पेशींना मारक आहेत असा निष्कर्ष टिपणात उतरण्याच्या बेतात होता. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी आग्रहाने मूळ चित्रे उघडली, तो त्याच खळग्यांत पेशींची दाटी सर्वाधिक! त्या दाटीमुळे सीमा आखताना संगणकाची मेमरी अपुरी पडे, प्रक्रिया बंद पडे, मुदत संपताच काम रांगेत परत येई, दुसऱ्या संगणकाचीही तीच गत होई, आणि ठरावीक खेपांनंतर ते काम निकामी कामांच्या वेगळ्या रांगेत जमा होई, जिचे दप्तर कोणी उघडलेच नव्हते. बेरीज मात्र नऊही दृश्यक्षेत्रे आली असे समजून झाली होती.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की अशा व्यवस्थेतील अपयश यदृच्छेने विखुरत नाही. ज्या नमुन्यात काही असामान्य घडले आहे, म्हणजे ज्यासाठी प्रयोग मांडला, नेमका तोच नमुना गळतो. बेरजेऐवजी सरासरी घेतल्यानेही हा दोष निघत नाही, कारण गळालेली क्षेत्रे दाटीचीच असतात.

म्हणून काम रांगेत टाकण्यापूर्वीच अपेक्षित दृश्यक्षेत्रांची वही तयार ठेवावी आणि शेवटी प्रत्येक नोंदीपुढे निकाल आला काय, एकदाच आला काय, पुरा आला काय, याची खातरजमा करावी. चाचणीसाठी सर्वांत दाट खळगे निवडावेत. मेमरी आणि मुदत त्यांच्यावरून ठरवावी. ॲमेझॉनच्या एसक्यूएस रांगेत उचललेले काम इतरांपासून दडून राहण्याची मुदत, आपण न बदलल्यास, 30 सेकंद असते आणि ती 12 तासांपर्यंत वाढविता येते. काम त्याहून लांबले तर तेच काम दुसऱ्या संगणकाच्या हवाली होते. तेव्हा निकाल जुन्या फाइलीच्या शेवटी जोडू नये, ठरलेल्या नावाने तिच्या जागीच लिहावा, म्हणजे दुबार झालेल्या कामाने पेशी दुप्पट होत नाहीत.

आणखी एक. प्रकाशाच्या असमानतेची दुरुस्ती संपूर्ण प्लेटच्या चित्रांवरून काढावी लागते. ती पायरी दृश्यक्षेत्रागणिक वाटू नये.

निकामी कामांची यादी खळग्याच्या स्थानानुसार प्लेटच्या नकाशावर मांडून पाहावी. त्यास फार वेळ लागत नाही. आणि ज्या प्लेटचा मेळ बसलेला नाही, तिचा निष्कर्ष कृपा करून पुढे धाडू नये.