फाटक्या बाहीवरचा उजेड



असिसीकर संत फ्रान्सिस प्रार्थना करीत आहेत, असे एक तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. झुर्बारान (१५९८-१६६४) या स्पॅनिश चित्रकाराने ते १६३५ ते १६३९ च्या दरम्यान रंगवले. चित्र सुमारे पाच फूट उंच आहे. संत गुडघ्यांवर आहेत. हातांत कवटी, म्हणजे मरणाची आठवण. तोंड किंचित उघडे.

चेहरा मात्र झग्याच्या टोपीखाली अंधारात आहे. उजेड पडतो तो कोपराशी फाटलेल्या बाहीवर. असे का? लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करू नका, असे प्रभूने शिकवले (मत्तय ६:५-६). म्हणून चेहरा देवापुरता राहिला. गरिबी मात्र लपवलेली नाही. फ्रान्सिस कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे पुत्र. ही बाही त्यांनी आपखुशीने पत्करली. १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झालेले आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया याच फ्रान्सिस्कन संघाचे.

पण आपल्या शेजाऱ्याची फाटकी बाही आपखुशीची नसते. चांगले कपडे नाहीत म्हणून कुणी मिस्साला येत नाही, कुणी शेवटच्या बाकावर बसतो. त्याला गरिबीचे मोठेपण सांगू नये. सरकून जागा द्यावी.

या आठवड्यासाठी:
१. घरी याकोब २:१-४ वाचा.
२. दिवा मालवून पाच मिनिटे एकट्याने प्रार्थना करा.
३. पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावरील एकाला आपल्याशेजारी बोलवा.

आपला,
धर्मगुरू, आसनगाव