दुबळा पाय आणि घरचे हात

शर्यत जिंकणाराचें नांव सर्वांस ठाऊक होतें. परंतु त्यास शर्यतीच्या रेषेपर्यंत ज्यांनीं पोहोंचविलें, त्यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. म्हणून ह्या पाठासाठीं आम्हीं अमेरिकेंतील विल्मा रुडॉल्फ ह्या धावणाऱ्या स्त्रीचें चरित्र निवडलें आहे. पाठ घेणाऱ्या बंधुभगिनींनीं तें प्रथम गोष्टीप्रमाणें सांगावें, व नंतर शेवटीं दिलेले प्रश्न विचारावे.

१. जन्म व आजार

विल्मेचा जन्म ता. २३ जून १९४० रोजीं टेनेसी राज्यांत, क्लार्क्सव्हिल गांवाजवळ, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. बाप रेल्वेवर हमाली करी, आई लोकांच्या घरीं घरकाम करी. बापाच्या दोन विवाहांचीं मिळून बावीस मुलें होतीं. त्यांत विल्मा विसावी. ती अपुऱ्या दिवसांची जन्मली व तिचें वजन अवघें साडेचार पौंड भरलें. पुढें न्यूमोनिया झाला, स्कार्लेट ज्वर झाला, आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास पोलिओनें तिचा डावा पाय दुबळा केला.

हा रोग विषाणूपासून होतो. स्नायूंस हालविणाऱ्या ज्या पेशी पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत असतात, त्यांचा तो नाश करितो. मग स्नायु लुळे पडतात. मेलेल्या पेशी पुनः उत्पन्न करील असें औषध आजहि नाहीं. प्रतिबंधक लस अमेरिकेंत १९५५ सालीं लोकांस मिळूं लागली. विल्मेस तिचा उपयोग होणें शक्य नव्हतें.

२. आईचा प्रवास

त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा निराळ्या, रुग्णालयें निराळीं, आणि बसगाडींत काळ्यांची जागा मागें. क्लार्क्सव्हिल येथें कृष्णवर्णीयांस पुरेसे उपचार मिळत नसत. म्हणून आई तिला दर आठवड्यास बसनें सुमारें पन्नास मैल दूर नॅशव्हिल शहरीं, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत नेई. हा क्रम दोन वर्षें चालला. शिवाय घरीं आई व भावंडें आळीपाळीनें दिवसांतून चार वेळां तो पाय चोळीत. मर्दनानें मेलेली पेशी जिवंत होत नाहीं. परंतु ज्या वाचल्या असतील त्यांच्या आधारें, काळजीनें व व्यायामानें, उरलेल्या स्नायूंस बळ येऊं शकतें. विल्मेच्या पायास तें आलें. बारा वर्षांची झाली तेव्हां ती पायास लावलेल्या पट्ट्यांवांचून चालूं लागली.

३. हार व जय

शाळेंत ती बास्केटबॉल खेळूं लागली. तेथें टेनेसी राज्य विद्यापीठाचे शिक्षक एड टेंपल ह्यांची दृष्टि तिजवर गेली. परंतु जय लगेच मिळाला नाहीं. टस्कीगी येथील पहिल्या मोठ्या सामन्यांत ती आपल्या सर्व शर्यती हरली. केवळ जन्मजात वेग पुरत नाहीं, शिस्तीनें शिकावें लागतें, हें तिला तेथें कळलें. १९५६ सालीं, सोळाव्या वर्षीं, मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत दोनशें मीटरच्या शर्यतींत ती प्राथमिक फेरींतच मागें पडली. मात्र चौघींच्या सांघिक शर्यतींत तिला कांस्यपदक मिळालें.

१९६० सालीं रोम येथें तिनें शंभर मीटर, दोनशें मीटर व सांघिक शर्यत, अशा तिन्ही शर्यतींत सुवर्णपदकें मिळविलीं. एकाच ऑलिंपिकमध्यें धावण्याचीं तीन सुवर्णपदकें जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री होय. सांघिक शर्यतींत तिच्या हातीं दांडा देतांना चूक झाली व क्षणभर ती मागें पडली. तरी तिनें पुढची बाई गांठून मागें टाकली.

४. मिरवणूक

गांवानें तिचा सत्कार योजिला. गोऱ्यांस व काळ्यांस वेगळें करणारा सत्कार आपण स्वीकारणार नाहीं, असें तिनें कळविलें. ता. ४ ऑक्टोबर १९६० रोजीं मिरवणूक निघाली व मेजवानी झाली, त्यांत सर्व लोक एकत्र होते. त्या गांवीं असा सार्वजनिक समारंभ पूर्वीं झाला नव्हता. आम्हांस ही तिची चौथी शर्यत वाटते. पुढें १९६२ सालीं तिनें धावणें सोडलें व शिक्षिकेचें काम केलें. १९९४ सालीं ती मरण पावली.

५. बोध

येथें एका चुकीपासून सावध राहावें. निश्चय केला कीं प्रत्येक पंगु मूल धावेल, असें कोणी शिकवूं नये. ज्याच्या पेशी फारच मेल्या, तें मूल कितीहि झटलें तरी धावणार नाहीं. त्यास आळशी म्हणणें हा अन्याय होय. पण मूल कोपऱ्यांत बसवून, 'त्याचें नशीबच तसें' म्हणणें, हाहि अन्यायच. विल्मेच्या आईस पदकांची कल्पनाहि नव्हती. मुलगी चालावी एवढीच तिची इच्छा होती. पदक पुष्कळ वर्षांनीं आलें. पाय चोळणें मात्र रोजचें होतें. पदक न मिळतें तरी तें काम व्यर्थ गेलें नसतें.

प्रश्न

१. विल्मेच्या जयांत घरच्या माणसांचा वांटा कोणता?
२. टस्कीगीची हार तिला कशी उपयोगी पडली?
३. वेगळा सत्कार तिनें कां नाकारिला? आपण असतों तर काय केलें असतें?
४. आपल्या वस्तींत कोपऱ्यांत बसविलेलें मूल आहे काय? ह्या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल?